गहाणाची बंदूक

वाशिष्ठी नदी जेथें समुद्राला मिळते तेथें तिच्या उत्तर तीरावर दाभोळ वसलेलें आहे. खालीं बंदर, मागें डोंगर, डोंगराच्या उतारावर आंबा-काजूच्या बागा, सखल जागीं नारळी-पोफळी आणि खाचरांतून भात, अशी या भागाची मांडणी आहे. दिवसा पाहणाराला हें चित्र मोठें शांत वाटतें. रात्रीं मात्र डोंगरावरून रानडुकरांचा कळप उतरतो आणि पोटरींत आलेलें भाताचें खाचर सकाळीं नांगरल्यासारखें दिसूं लागतें. रानडुक्कर जितकें खातें त्याहून तुडवितें अधिक. सुरणाचे कंद तें उकरून काढतें आणि केळी मुळासकट आडव्या करतें. बागाईतदार रात्रभर माळ्यावर बसून डबे वाजवितो, फटाके उडवितो. चार दिवस कळप बिचकतो. पांचव्या दिवशीं तो डबा वाजविणाराच्या समोरच चरूं लागतो.

अशा वेळीं बंदुकीची आठवण होते. समजा, अशाच एका बागाईतदाराच्या कानावर आलें कीं, शेजारच्या वाडींतील आपल्या वारलेल्या चुलत्याची बंदूक सावकाराकडे गहाण पडली आहे, मुदत टळली आहे आणि सावकार ती अर्ध्या किंमतींत काढून टाकण्यास तयार आहे. तो चुलतीकडे जाऊन विचारतो, "काकी, काकांची बंदूक सावकाराकडे आहे म्हणतात. ती मीं सोडवून घेतली तर तुमची कांहीं हरकत नाहीं ना?" ती म्हणते, "घे कीं रे! पाटल्या ठेवल्या, तशीच तीहि ठेवली. नुसती भिंतीला टांगलेली होती."

या बोलण्यांत दोघांच्याहि मनांत वांकडें कांहीं नाहीं. तरीहि काकी, सावकार आणि पुतण्या हीं तिघेंहि नकळत तुरुंगाच्या दाराशीं येऊन उभीं राहिलीं आहेत. तें कसें, आणि जुनी बंदूक घ्यावयाचीच झाली तर ती कोणत्या मार्गानें व काय पाहून घ्यावी, याची माहिती खेड्यांत घर आणि बाग असलेल्या शहरवासी कुटुंबांनाहि उपयोगी पडणारी आहे. कारण अशा भिंतीवरच्या बंदुका बहुधा त्यांच्याच गांवच्या घरांतून असतात.

बंदूक हा दाभोळला नवा पदार्थ नव्हे. बहामनी राज्याच्या काळीं हें पश्चिम किनाऱ्यावरील एक मोठें बंदर होतें. समुद्रापलीकडचे घोडे येथें उतरत. १५०८ सालच्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रांसिस्को द आल्मेदा यानें आरमार आणून हें शहर जाळलें, तेव्हां दारूगोळ्याचें सामर्थ्य काय असतें याचा अनुभव येथील लोकांना चांगलाच आला. त्या काळची हातबंदूक तोड्याची असे; जळती जामगी रंजकाला लावून बार काढावयाचा. मागाहून गारेच्या ठिणगीनें पेट घेणारी चकमकीची बंदूक आली. १८०७ सालीं अलेक्झांडर फॉर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकानें आघातानें पेटणारें द्रव्य बंदुकींत वापरण्याचें पेटंट घेतलें आणि त्याच कल्पनेंतून पुढें घोड्याखालीं बसविण्याची तांब्याची लहानशी टोपी, म्हणजे केप, निघाली. खेड्यापाड्यांतून जिला ठासणीची बंदूक म्हणतात ती बहुधा या जातीची. तोंडाकडून दारू आणि छर्रे घालावयाचे, गजानें ठासावयाचे, मागें केप बसवावयाची आणि चाप ओढावयाचा. दाभोळपासून जवळच दापोलीस एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्रजांची लष्करी छावणी होती, आणि 'कॅम्प दापोली' हें नांव तिच्यामुळेंच रूढ झालें. रत्नागिरी जिल्ह्यांतून फौजेंत जाणारांची परंपराहि जुनी. तेव्हां बंदूक ओळखणारीं घरें या मुलखांत पहिल्यापासून आहेत. परंतु बंदूक ओळखणें निराळें आणि बंदुकीचा कायदा ओळखणें निराळें.

लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत १८७८ सालीं हत्यारांचा कायदा झाला. हिंदी माणसाला परवान्यावांचून हत्यार बाळगतां येऊं नये आणि युरोपियनाला मात्र मोकळीक असावी, हा त्यांतील भेद लोकांना फार झोंबला. राष्ट्रीय सभेनें १८८७ सालच्या मद्रास येथील अधिवेशनांत या कायद्यासंबंधीं ठराव केला. स्वातंत्र्यानंतर १९५९ सालीं नवा शस्त्र अधिनियम करण्यांत आला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला. आज चालतो तो हाच कायदा. त्याचे सविस्तर नियम २०१६ सालीं नव्यानें करण्यांत आले आणि २०१९ सालीं कायद्यांतच महत्त्वाची दुरुस्ती झाली. कातडीच्या रंगावरून केलेला भेद गेला. परवान्याचें तत्त्व मात्र राहिलें.

हें तत्त्व नीट समजलें म्हणजे पाटल्या आणि बंदूक यांतील भेद आपोआप उलगडतो. सोन्याच्या पाटल्या कोणाच्याहि पेटींत असल्या तरी त्या तेथें असणें हा कांहीं गुन्हा नव्हे. बंदुकीचें तसें नाहीं. कायद्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणें परवान्यावांचून बंदूक मिळविणें, जवळ ठेवणें किंवा बरोबर घेऊन हिंडणें या तिन्ही गोष्टींना मनाई आहे. लोक 'बंदुकीचा परवाना' असें म्हणतात खरे, पण परवाना बंदुकीचा नसतो, माणसाचा असतो. अमक्या माणसानें अमक्या जातीची, अमक्या क्रमांकाची बंदूक अमक्या कारणासाठीं बाळगावी, एवढीच ती परवानगी. तो माणूस वारला कीं परवाना त्याच्याबरोबर संपतो आणि बंदूक तेवढी भिंतीवर राहते. त्या दिवसापासून ती घरांत तशीच ठेवून घेणें हेंच मुळीं बेकायदा होऊन बसतें. काकीची पहिली चूक गहाण ठेवण्यांत झालेली नाहीं. ती त्यापूर्वींच, 'नुसती भिंतीला टांगून' ठेवण्यांत झाली होती.

दुसरा भेद 'हस्तांतर' या एका शब्दांत आहे. कायद्याच्या पांचव्या कलमानें परवान्यावांचून बंदूक विकण्यास व हस्तांतरित करण्यास मनाई केली आहे आणि व्याख्येच्या कलमांत हस्तांतर म्हणजे काय तें सांगितलें आहे. भाड्यानें देणें, उसनी देणें, बक्षीस देणें आणि ताबा सोडणें हीं सारीं हस्तांतरांत येतात. आतां गहाण म्हणजे तरी काय? मालकी आपल्याकडे ठेवून वस्तूचा ताबा तेवढा दुसऱ्याच्या हातीं देणें. पाटल्या गहाण टाकणारी बाई त्यांची मालकी गमावीत नाहीं, हीच तर गहाणाची सोय; आणि बंदुकीच्या बाबतींत कायद्यानें बांधून टाकला आहे तो नेमका ताबाच. म्हणून 'विकली नाहीं, नुसती ठेवली' हा बचाव येथें चालत नाहीं.

सावकाराजवळ २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखालील रीतसर परवाना असला तरी तो पैसे कर्जाऊ देण्याचा परवाना आहे. बंदुका सांभाळण्याचा किंवा विकण्याचा नव्हे. त्याच्या स्वतःच्या नांवावर एखादी बंदूक असली तरी काकीच्या घरची ही बंदूक त्या परवान्यावर चढलेली नसते. शिवाय ज्या कराराचा हेतु किंवा मोबदला कायद्यानें निषिद्ध, तो करार १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या २३ व्या कलमाप्रमाणें रद्दबातल ठरतो. म्हणजे ज्या गहाणखताच्या जोरावर सावकार ती बंदूक विकूं म्हणतो, तें गहाणखतच कोर्टांत उभें राहूं शकत नाहीं. शिक्षाहि हलक्या नाहींत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगणारास सामान्यतः किमान दोन आणि कमाल पांच वर्षें कैद व शिवाय दंड आहे. बेकायदा विक्री किंवा हस्तांतर करणारास किमान सात वर्षें आणि कमाल जन्मठेप आहे. अर्ध्या किंमतीच्या बंदुकीचा खरा भाव हा असा आहे.

परदेशांतील प्रकार पाहिला म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. अमेरिकेंत गहाणाच्या दुकानांतून जुन्या रायफली उघडपणें विकावयास मांडलेल्या असतात. तिकडील कथाकादंबऱ्या वाचून आणि चित्रपट पाहून आपल्याकडील तरुणांना तसें येथेंहि चालत असेल असें वाटतें. परंतु तेथेंहि ही मोकळीक सरसकट नाहीं. १९६८ च्या तेथील कायद्यानें गहाणाच्या दुकानदाराला हत्यारांसाठीं संघ सरकारचा निराळा परवाना काढावा लागतो; गिऱ्हाइकाला छापील अर्ज भरून द्यावा लागतो आणि १९९८ पासून त्याच्या पूर्ववृत्ताची तपासणी तेथल्या तेथें केली जाते. इतकेंच नव्हे, तर स्वतःचीच गहाण ठेवलेली बंदूक सोडवून नेणारालाहि पुन्हां तपासणींतून जावें लागतें. कारण मधल्या काळांत त्याच्या हातीं बंदूक देणें अयोग्य ठरलें असण्याचा संभव असतो. इंग्लंडनें तर १९६८ च्याच आपल्या कायद्यांत गहाणदारानें बंदूक किंवा काडतुसें गहाण घेणें हाच गुन्हा ठरविला आहे. एका देशानें दार उघडें ठेवून पहारा बसविला, दुसऱ्यानें दारच बंद केलें. परंतु बंदुकीचा ताबा कोणाकडे जातो यावर डोळा ठेवण्याची गरज दोघांनाहि सारखीच वाटली.

कोणी म्हणेल कीं, भिंतीवरची ती बंदूक पन्नास-साठ वर्षांची जुनी, घोडा मोडलेला, नळी गंजलेली. तिला कसला आला आहे परवाना? ही समजूत खेड्यांत फार पसरलेली आहे आणि ती अर्धवट खरी असल्यामुळें अधिकच घातक आहे. कायद्याच्या ४५ व्या कलमांत जुनाट घडणीच्या, पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या किंवा मोडकळीस आलेल्या हत्यारांना सूट आहे. पण तिला एक अट आहे. तें हत्यार दुरुस्त करून किंवा न करतां, कोणत्याहि रीतीनें बार काढण्यास समर्थ असतां कामा नये. ठासणीची बंदूक हें इतकें साधें यंत्र आहे कीं, गांवचा एखादा हुशार लोहारहि मोडलेला घोडा नीट करूं शकेल. मग ती मोडकी असली तरी कायद्याच्या दृष्टीनें बंदूकच. सूट आहे कीं नाहीं हें घरच्या माणसानें आपल्या मनाशीं ठरविण्यापेक्षां पोलिस ठाण्यावर लेखी कळवून ठरवून घेणें शहाणपणाचें.

मग काकीनें काय करावयास पाहिजे होतें? कायद्याच्या २१ व्या कलमांत तिच्यासारख्यांसाठींच वाट करून दिलेली आहे. ज्याच्याजवळच्या बंदुकीचा ताबा परवाना संपल्यामुळें किंवा दुसऱ्या कोणत्याहि कारणानें कायदेशीर राहिला नाहीं, त्यानें ती विनाकारण विलंब न लावतां जवळच्या पोलिस ठाण्याच्या अंमलदाराकडे किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी. जमा करतांना बंदुकीचा क्रमांक घातलेली पावती घ्यावी. जमा केली म्हणजे बंदूक गेली, ही भीति बाळगण्याचें कारण नाहीं. मालकी घरचीच राहते. वारसापैकीं कोणी स्वतःच्या नांवानें परवाना मिळविला तर त्याला ती परत मिळते. तसें करावयाचें नसेल तर ती परवानाधारक माणसाला विकून पैसे घेतां येतात. मात्र ठरलेल्या मुदतींत यांपैकीं कांहींच केलें नाहीं तर ती सरकारजमा होते. वडिलांच्या हयातींतच मुलाच्या नांवावर बंदूक करून घेण्याचीहि तजवीज २०१६ च्या नियमांत आहे. परवानाधारकाचें वय सत्तर झालें किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षें झालीं म्हणजे तसा अर्ज करतां येतो. ज्या घरांत म्हातारे परवानाधारक आहेत त्या घरानें हा अर्ज वेळेवर केला, तर पुढचे सगळेच प्रश्न टळतात.

बंदूक आधींच सावकाराकडे गेली असेल तर ती रातोरात पोत्यांत गुंडाळून परत आणणें हा उपाय नव्हे. तें आणखी एक हस्तांतर झालें. वकिलाचा सल्ला घेऊन पोलिस ठाण्यावर लेखी कळवावें आणि बंदूक त्यांच्यामार्फतच हलवावी. आपण होऊन सांगायला गेलेला माणूस आणि झडतींत सांपडलेला माणूस यांच्याकडे पाहण्याची दृष्टि सारखी नसते.

आतां पुतण्याचा विचार करूं. त्याला बंदूक पाहिजे, ती पिकाच्या रक्षणासाठीं. त्याचें पहिलें पाऊल बंदुकीकडे नव्हे, तर परवान्याकडे पडलें पाहिजे. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे रत्नागिरीच्या जिल्हाधिकारी कचेरींत करावा लागतो; त्यावर पोलिसांची चौकशी होते; हत्यार सुरक्षितपणें हाताळण्याचें शिक्षण घेतल्याचा दाखला लागतो; आणि परवाना मिळाला म्हणजे त्याची नोंद राष्ट्रीय यादींत होऊन त्याला एक स्वतंत्र ओळखक्रमांक पडतो.

परवाना कशाचा मागावा, हेंहि महत्त्वाचें आहे. गहाणाची ती बंदूक 'रायफल' आहे असें सावकार मोठ्या दिमाखानें सांगत असेल. रायफल म्हणजे जिच्या नळीच्या आंत पीळदार खांचा आहेत अशी बंदूक. त्या खांचांमुळें गोळी स्वतःभोंवतीं फिरत जाते आणि म्हणून ती दूरवर सरळ जाते. सैन्यांतील ३०३ ची गोळी वापरणारी रायफल सामान्य नागरिकाला ठेवतां येत नाहीं. इंग्रजी अमदानींत लष्करी गोळी खाजगी हातीं जाऊं नये म्हणूनच ३१५ ही निराळ्या मापाची नागरी रायफल हिंदुस्थानांत रूढ झाली आणि पुढें ती ईशापूरच्या सरकारी कारखान्यांत तयार होऊं लागली. गहाण पडलेली रायफल यांपैकीं कोणती, हें सावकाराला ठाऊक असण्याचा संभव थोडा. ती मनाई असलेल्या मापाची निघाली तर प्रकरण अधिकच अवघड होतें. शिवाय रायफलीची चुकलेली गोळी मैलभर जाऊं शकते. वाडीला वाडी लागलेल्या कोंकणांत, जेथें बागेच्या गडग्यापलीकडे पायवाट आणि पायवाटेपलीकडे घर, तेथें अशी गोळी सोडणें म्हणजे डुकरापेक्षां शेजाऱ्याचीच चिंता अधिक. गुळगुळीत नळीच्या बंदुकीचे छर्रे पसरतात आणि थोड्याच अंतरावर त्यांचा जोर ओसरतो. कायद्याचा कलहि याच बाजूचा आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा, आणि ती अपुरी पडत असेल तर गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद तेराव्या कलमांत स्वतंत्रपणें केलेली आहे. दाभोळच्या बागाईतदारानें रायफलीचा हव्यास सोडणें हेंच त्याच्या हिताचें.

परवाना हातीं आला म्हणजे जुनी बंदूक घेण्याचे दोन मार्ग मोकळे होतात. एक, परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानांतून. तेथें येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक हत्याराची नोंद असते. दुसरा, ज्याच्याजवळ ती परवान्यानिशीं आहे अशा खाजगी माणसाकडून. परंतु या दुसऱ्या मार्गांत विकणारानें आपला विकण्याचा विचार आणि घेणाराचें नांव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांस किंवा जवळच्या पोलिस ठाण्यास लेखी कळविला पाहिजे, आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस लोटल्यावांचून बंदूक हातावेगळी करतां कामा नये. या दिवसांत सरकारला चौकशीला सवड मिळते. घेणारानेंहि हा काळ सत्कारणीं लावावा आणि बंदूक जाणत्याकडून तपासून घ्यावी.

तपासणी कागदापासून सुरू करावी. नळीवर कोरलेला क्रमांक आणि विकणाराच्या परवान्यावरील क्रमांक अक्षरशः जुळले पाहिजेत. क्रमांक घासलेला, पुन्हां ठोकलेला किंवा मुळींच नसलेला दिसला तर तेथेंच नमस्कार करून परत फिरावें. त्यानंतर, बंदूक भरलेली आहे असें समजूनच तिला हात लावावा. ठासणीच्या बंदुकीच्या बाबतींत ही केवळ म्हण नव्हे. कोणा आजोबांनीं ठासून ठेवलेला बार तसाच नळींत राहून बंदूक वर्षानुवर्षें भिंतीवर लटकत असल्याचे प्रकार घडतात आणि काळी दारू कोरडी राहिली तर ती आपला गुण सहसा विसरत नाहीं. परीक्षा सोपी आहे. केप नाहीं हें पाहून, तोंडासमोर कोणी नाहीं अशा रीतीनें गज नळींत सोडावा, तोंडापाशीं खूण करावी आणि बाहेर काढून तोच गज नळीला बाहेरून लावून पाहावा. तो मागच्या टोंकापर्यंत पोंचत नसेल तर आंत कांहींतरी आहे. मग ती उकरण्याच्या भानगडींत न पडतां कारागिराच्या हवालीं करावी.

आंत नेहमीं दारूच असते असेंहि नाहीं. कोंकणांत कुंभारमाशी भिंतीच्या भोंकांत मातीचें घर करते. तिला बंदुकीची नळी म्हणजे तयार घरच. असा मातीचा बोळा अडकलेल्या नळींतून बार काढला तर वायूला वाट न मिळून नळी फुटते, आणि ती फुटते बार काढणाराच्या डाव्या हाताजवळ व तोंडाजवळ. दुसरा शत्रु गंज. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांपुढें पोलाद फार दिवस टिकत नाहीं. नळी उजेडाकडे धरून मागच्या बाजूनें पाहिली असतां आंतला पृष्ठभाग आरशासारखा दिसावा. देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले तर ती नळी तेवढी पातळ झाली असें समजावें. बाहेरून नवीन काळा मुलामा चढविलेल्या बंदुकीचा संशय अधिक घ्यावा. रंग बाहेरचा असतो, गंज आंतला. नळीवरून बोट फिरवितांना कोठें फुगवटा लागला तर ती पूर्वीं एकदां फुटतां फुटतां राहिलेली आहे. दस्त्याचें लांकूड वाळवीनें पोखरलेलें नाहीं ना, घोडा अर्ध्यावर ओढून ठेवला असतां पक्का थांबतो ना, नळी मोडून उघडणारी बंदूक बंद केल्यावर हलत नाहीं ना, हेंहि पाहावें.

काडतुसाची जुनी विलायती बंदूक असेल तर आणखी एक गोष्ट. इंग्लंडांत नळ्यांची सरकारमान्य परीक्षा होऊन त्यांवर शिक्का बसे. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ सालच्या कायद्यानें स्थापन झालेलें आहे. १८८४ सालीं फ्रान्समध्यें पॉल व्हिएय यानें धूरविरहित दारू शोधून काढली. तिचा जोर काळ्या दारूच्या मानानें निराळा. जी नळी काळ्या दारूसाठींच परीक्षिलेली आहे तींत हल्लींचें काडतूस घालणें धोक्याचें. मापाचेंहि तसेंच. बारा बोअरची बंदूक म्हणजे जिच्या नळींत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचें वजन एक पौंड भरतें ती. परंतु सगळ्याच बारा बोअरच्या बंदुकींत काडतुसाचें घर सारख्या लांबीचें नसतें. पुष्कळ जुन्या बंदुकांचें तें अडीच इंचांचें असतें आणि हल्लींचें काडतूस पावणेतीन इंचांचें. तें आंत बसलेलें दिसतें, पण उडतांना त्याची घडी उलगडण्यास जागा राहत नाहीं आणि नळीवरील दाब वाढतो. हें सारें डोळ्यांनीं ओळखणें सामान्य गृहस्थाचें काम नव्हे. परवानाधारक कारागिराला दाखवून त्याचा अभिप्राय घेण्यास जे चार पैसे पडतील ते बंदुकीच्या किंमतींतच धरावे.

इतकें करून बंदूक घरीं आली आणि परवान्यावर चढली, तरी रानडुकरावर ती रोखण्याचा अधिकार तेवढ्यानें मिळत नाहीं, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. बंदूक बाळगणें हा एका कायद्याचा विषय आणि वन्य प्राणी मारणें हा दुसऱ्याचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें शिकारीस बंदी आहे. उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकरांच्या बाबतींतहि वनखात्याच्या अधिकाऱ्यांची लेखी परवानगी अगोदर घ्यावी लागते. ती नसेल तोंवर बंदुकीचा उपयोग आकाशाकडे तोंड करून बार काढण्यापुरता, आणि तोहि आपल्याच बागेंत व परवान्याच्या अटींत बसेल तितकाच.

काकीला खरी गरज होती ती पैशांची. नवरा गेल्यानंतर तिनें ती बंदूक पोलिस ठाण्यावर किंवा विक्रेत्याकडे जमा करून पावती घेतली असती आणि पुतण्यानें आपला परवाना काढला असता, तर तीच बंदूक त्याच्याच हातीं गेली असती, आणि पूर्ण किंमत सावकाराच्या नव्हे, तर तिच्या पदरांत पडली असती. वाट तीच माणसें, तीच बंदूक आणि तोच पैसा यांचीच होती. फक्त ती कचेरीवरून जाणारी होती आणि थोडी लांबची होती.

या लांबीचा हिशेब मात्र आधींच केला पाहिजे. पोटरींत आलेलें भात पंचेचाळीस दिवसांत कापणीस लागतें. परवान्याच्या चौकशीला तर त्याहूनहि अधिक काळ लागण्याचा संभव असतो. कळप शेतांत उतरल्यावर भाद्रपदांत बंदूक शोधूं लागणाराला म्हणूनच सावकाराचें दार जवळचें वाटतें. ज्याला त्या दारीं जावयाचें नसेल त्यानें अर्ज उन्हाळ्यांतच करावा, आणि ज्यांच्या गांवच्या घरांत अशी एखादी बंदूक अजून भिंतीवर असेल त्यांनीं पुढच्या सुटींत तेथें गेल्यावर तिचा क्रमांक आणि तिच्या धन्याचा परवाना हीं दोन्ही एकदां ताडून पाहावीं.